आपण घरी नव्हता

या शहराच्या नावाचा अर्थ होडी.
कचऱ्याच्या डब्यांवरसुद्धा होडीचं चित्र.
नदी मात्र कुठेच दिसत नाही.
होत्या म्हणे बऱ्याच, गिरण्यांच्या काळात
नळांत घालून रस्त्याखाली पुरल्या.

लिहितात लोड्झ, म्हणतात वूच.
आणि हीच माणसं
माझ्या नावातल्या डी-एन-वायपाशी आली
की चष्मा काढून पुसतात.
दिना… दिन्या… दिन्यानादा?
मी म्हणते, हो, तेच.
पहिल्या महिन्यात मी 'ज्ञ' समजावून सांगायचे,
हातवारे करून, जीभ दाखवून.
आता आठवा महिना.

नदी नाही, पण प्रत्येक काचेमागे एक पानी आहे.
पानी म्हणजे इथे बाई.
पानी बोझेना, पानी व्येस्वावा.
पानी व्येस्वावाने माझी फाइल तीनदा परत केली.
एकदा फोटोत कान दिसत नव्हता.
एकदा घरमालकाची सही काळ्या शाईत होती.
तिसऱ्यांदा सगळं होतं
पण पावणेतीन वाजले होते,
आणि पावणेतीनला ती खिडकीतल्या झाडाला पाणी घालते.
मी बघत उभी राहिले.
एकेक पान ओल्या बोटाने पुसत होती.
माझ्या कागदांना तिने चिमटीत धरलं होतं.

दूध म्हणून आणलं ते ताक निघालं,
चहात ओतल्यावर कळलं.
रविवारी दुकानं बंद असतात हे रविवारी कळलं.
धुण्याच्या खोलीची किल्ली चौथ्या मजल्यावरच्या मुलाकडे असते;
तो मुलगा कुणाकडे असतो
ते कुणालाच माहीत नाही.

खोलीत मी आणि मुटिंटा.
तिच्या गावात रात्री धबधबा ऐकू येतो, म्हणते.
रडायचं असलं की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडते.
गरम पाण्याचं बिल वेगळं येतं.
मी अर्धं भरते, विचारत नाही.
मागच्या महिन्यात थोडं माझंही होतं त्यात.

बाबांनी कुकरची रिंग पाठवली.
सव्वाशेची रिंग, अडीच हजारांचं टपाल.
ज्या दिवशी येणार होती त्या दिवशी
मी लेक्चर बुडवून दाराशी बसले,
पुस्तक घेऊन, मोजे घालून, कान देऊन.
बेल वाजली नाही.
संध्याकाळी पेटीत पिवळी चिठ्ठी:
आपण घरी नव्हता.

होते.
दिवसभर होते हो.
ही चिठ्ठी मी डिक्शनरी न उघडता वाचली,
या भाषेतलं पहिलं पूर्ण वाक्य.
मग ती घडी करून पाकिटात ठेवली
आणि कितीतरी वेळ
ते वाक्य बरोबर आहे की काय,
असं वाटत राहिलं.

टपाल कचेरीत पुन्हा काच.
पार्सलवर ज्ञानदा, कार्डावर छापलंय दियानादा.
म्हणजे पार्सल एका बाईचं, कार्ड दुसरीचं;
दोघींनी मिळून या, असं काहीसं ती म्हणाली.
(तोवर आम्ही भात पातेल्यात करतो.
खाली लागतो. मुटिंटाला लागलेलाच आवडतो.)

नवीन कार्ड घेऊन परत गेले, त्या दिवशीची गोष्ट.
मागे एक मुलगा, नुकताच आलेला,
जॅकेटची चिठ्ठी अजून बाहीला लोंबत.
रांग हीच का, विचारलं त्याने
इंग्रजीत, दबकत, माझ्या पाठीला.
मी वळलेसुद्धा नाही.
नंबर घ्या, म्हणाले. पोलिशमध्ये.
सूर हुबेहूब पानी व्येस्वावाचा,
शेवटचा शब्द दातांत तोडलेला.

मग कान गरम झाले.
वळले. मशीनचं बटण दाबून दिलं
(खालचं, वरचं नुसतंच लुकलुकतं).
एकशे बासष्ट आला त्याचा.
पाटीवर एकोणचाळीस चालू होता.
नाव विचारलं. त्याने सांगितलं.
मला नीट लागलं नाही, पुन्हा विचारलं.
माझ्या परीने म्हणून पाहिलं,
एकदा, दोनदा.
तिसऱ्यांदा तोच हसला, म्हणाला,
हो, तेच.